मागाहून येणारं सामान

भाच्याचं कॅनडाचं काम होणार अशी चिन्हं दिसायला लागली आणि नेमकं तेव्हाच ताईच्या लक्षात आलं, की त्याच्या पासपोर्टची मुदत पाचच महिन्यांत संपतेय. झालं! बदलापूरच्या घरात एकदम धावपळ. पासपोर्टची मुदत जिथे संपते त्याच्या पुढचा व्हिसा काही कोणी देत नाही. म्हणजे आधी नवा पासपोर्ट, मग त्याचा नंबर तिकडे कळवायचा, मग पुढचं सगळं. आमच्या घराण्यात 'कागदपत्रं' या विषयाचा जाणकार मी आहे असा एक गैरसमज आहे, त्यामुळे एका रविवारी त्याचा अर्ज भरायला मलाच बोलावलं.

अर्ज भरून झाला, पोहे झाले, आणि मग भाचा तिकडे उतरल्यावर विमानतळावर काय काय विचारतात त्याची यादी वाचून दाखवायला लागला. राहणार कुठे? बरोबर पैसे किती? दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त असतील तर आधी सांगा. कधी शिक्षा झाली आहे का? आणि एक मजेशीर प्रश्न - मागाहून काय सामान येणार आहे? त्याची किमतीसकट यादी तिथेच द्यायची, म्हणजे ते सामान नंतर आलं तरी कायमचं राहायला आलेल्या माणसाचं घरसामान म्हणून सोडतात.

"माझं पुरणयंत्र लिही हो त्यात," ताई म्हणाली.

सगळे हसलो. मला मात्र एकदम दादी आठवली.

दादी म्हणजे माझ्या शाळेतल्या मित्राची आजी. आम्ही तेव्हा अंबरनाथला राहायचो, बाबा काडेपेटीच्या कारखान्यात होते. मित्र उल्हासनगरचा, कॅम्प चार. गाडीने एकच स्टेशन, पण आम्ही बऱ्याचदा चालतच जायचो. त्यांचं घर म्हणजे एका लांबलचक बराकीचा एक तुकडा. पुढे ओटा, मागे पत्रे टाकून वाढवलेलं स्वयंपाकघर, आणि आत एक काळी लोखंडी ट्रंक. दादी मूळची सिंधमधल्या शिकारपूरची. कराचीहून बोटीने मुंबईला आली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. "मागाहून येणारं सामान" म्हणून काही नव्हतंच. जे होतं ते सगळं मागे राहिलेलं सामान.

(त्याचीही यादी झाली बरं का! मागे राहिलेल्या घरादाराचे दावे नोंदवण्यासाठी १९५० साली कायदा झाला आणि भरपाईसाठी १९५४ साली दुसरा. म्हणजे भाच्याला जी यादी पुढे बघून करायची आहे, ती या लोकांनी मागे बघून केली.)

थोडा इतिहास सांगतो, कारण आमच्या घरातल्याच पोरांना तो माहीत नाही असं त्या रविवारी लक्षात आलं.

आज जिथे उल्हासनगर आहे तिथे दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. मग फाळणी आली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि सिंधमधून निघणाऱ्यांचा लोंढा एकदम वाढला. बोटी मुंबईला लागायच्या आणि माणसं या रिकाम्या बराकींत आणून सोडली जायची. एक लाखाच्या आसपास माणसं आली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे कोनशिला बसवली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाचं नाव उल्हासनगर झालं. पण लोकांच्या तोंडी आजही कॅम्प एक, कॅम्प दोन असंच आहे.

आता गंमत बघा. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे दादीचे वडील तरुणपणी कराचीहून मुंबईला आले असते, तर ते आपल्याच प्रांताच्या राजधानीला आले असते. कागद नाही, प्रश्न नाही. पुढच्या बारा-तेरा वर्षांत तोच प्रवास परदेशातून येण्याचा झाला. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परमिट सुरू झालं. त्यातही प्रकार होते, तात्पुरतं भेटीला येणाऱ्याचं वेगळं आणि कायमचं परतणाऱ्याचं वेगळं. आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून तर दोन्ही देशांत ये-जा करायला पासपोर्ट आणि व्हिसाच लागायला लागला.

हे सगळं आपल्या राज्यघटनेतही आहे. सहावं कलम काढून बघा. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथेच राहिलेला माणूस नागरिक. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्याने मात्र अर्ज करून नोंदणी करून घ्यायची, आणि अर्जाआधी निदान सहा महिने इथे राहिलेलं असलं पाहिजे. दोघांनाही एक अट समान - तो स्वतः, किंवा आई-वडिलांपैकी, आजी-आजोबांपैकी कोणीतरी फाळणीपूर्वीच्या भारतात जन्मलेलं हवं.

दादीची बोट पावसाळ्यानंतरची. म्हणजे १९ जुलैच्या पलीकडची. तिच्या सासऱ्यांनी घरातल्या सगळ्यांची नोंदणी करून घेतली, आणि तो कागद ट्रंकेत गेला तो तिथेच राहिला. २६ जुलै २००५ ला वालधुनीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंकही बुडाली. कागदाचा लगदा झाला.

पुढे २००९ मध्ये दुबईच्या नातवाने तिला बोलावलं. ऐंशीच्या घरातल्या बाईचा पहिला पासपोर्ट! जन्माचा दाखला असायचा प्रश्नच नव्हता. शपथपत्र, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र असं जमवत अर्ज भरला. तेव्हाही अर्ज भरायला मीच होतो. (गैरसमज तिथूनच सुरू झाला.) फाळणीआधी तिकडे जन्मलेल्यांनी गावाचं नाव लिहून पुढे देश म्हणून 'अविभाजित भारत' लिहायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. नकाशावर नसलेला देश पासपोर्टच्या अर्जावर मात्र शिल्लक आहे!

चौकशीला पोलीस आले. भला माणूस होता, ओट्यावर बसून चहा घेतला. "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

दादी म्हणाली, "कॅम्प नंबर चार."

त्यांनी पुन्हा विचारलं, "नाही, त्याच्या आधी?"

"उसके पहले मैं छोटी थी."

ते हसले, आणि कागदावर शिकारपूर लिहून घेतलं. मी हसलो नाही, कारण मला एकदम आमचीच शाळा आठवली. त्या शाळेत आम्ही मित्राला 'निर्वासित' म्हणायचो. त्याचा जन्म इथला, त्याच्या बाबांचा जन्म इथला, तरी निर्वासित. उल्हासनगरच्या मालावरचे 'मेड इन यू.एस.ए.'चे विनोद तर रोजचेच. त्याने ते हसून घेतले. दादीच्या घरी जाऊन आम्ही तिच्या हातचा कोकी मात्र भरपूर खाल्ला, पण ती कुठून आली, कशी आली, हे एकदाही विचारलं नाही. "तू आमच्यातला नाहीस" एवढंच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत राहिलो.

ही गोष्ट १९४९ मध्ये संपलेली नाही. पाकिस्तानातून सिंधी हिंदू कुटुंबं त्यानंतरही उल्हासनगरला येत राहिली. त्यांनी आल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करायची, मग दीर्घ मुदतीचा व्हिसा मागायचा. आणि जो देश सोडला त्याच देशाचा पासपोर्ट सांभाळायचा! डिसेंबर २०१६ मध्ये देशातल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना अशा लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यात ठाणेही होतं. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. या कायद्यावर देशभर केवढा वाद झाला ते आपण पाहिलंच आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण त्या नियमांतली एक बारीकशी ओळ मला फार महत्त्वाची वाटली - मुदत संपलेला कागदही पुरावा म्हणून चालेल. दादीच्या लगद्यासारखे किती कागद त्या ओळीची वाट बघत असतील...

असो. त्या रविवारी भाच्याने विचारलं, "मामा, उतरल्यावर तो अधिकारी किती वेळ प्रश्न विचारतो रे?"

मी म्हटलं, "कागद नीट असले तर थोडाच वेळ. जुना पासपोर्टही बरोबर ठेव." आणि मग त्याला दादीची गोष्ट सांगितली. अधिकाऱ्याचे प्रश्न एकदा संपतात, शिक्का बसतो, तू बाहेर पडतोस. शेजाऱ्यांचे, शाळेतल्या पोरांचे, ऑफिसातल्यांचे प्रश्न मात्र पुढे वर्षानुवर्षं चालतात. तुझ्या पोरांनाही विचारतील, "मूळचे कुठले?" आम्ही ते पन्नास वर्षं विचारत होतो, तेही एका स्टेशनावरच्या माणसांना.

तो जरा गप्प झाला. मग ताई म्हणाली, "दादीच्या घरचे अजून तिथेच असतात का रे?"

दादी आता नाही. मित्र आहे, कॅम्प चारमध्येच. बरेच दिवसांत गेलो नव्हतो. पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन जातोय. पुरणयंत्राचं नाव ताईने यादीत लिहायला लावलंच आहे.