सुट्टीच्या आदल्या संध्याकाळचा हिशेब
(राष्ट्रपती के. आर. नारायणन यांची भाषणे)

आपल्या विहाराच्या अंगणात दरवर्षी २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन होते. उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते, मुलांना खाऊ वाटला जातो आणि दहा वाजेपर्यंत जो तो आपापल्या घरी जातो. मागे एकदा रविवारच्या वर्गात आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "काका, लाल किल्ल्यावरून पंतप्रधान बोलतात, मग राष्ट्रपती कधी बोलतात?" मी तोंड उघडायच्या आत वर्गातला एक मोठा मुलगा म्हणाला, "ते बोलत नाहीत, ते फक्त सही करतात." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर वाटले की, हे उत्तर असेच सोडून देणे बरे नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मंडळाचा आग्रह होताच, म्हणून त्या मुलीचे उत्तर इथे लिहितो.

राष्ट्रपती बोलतात. पण ते सुट्टीच्या दिवशी बोलत नाहीत, आदल्या संध्याकाळी बोलतात. १४ ऑगस्टला आणि २५ जानेवारीला आकाशवाणी व दूरदर्शनवरून त्यांचा राष्ट्राला उद्देशून संदेश प्रसारित होतो. त्या वेळी आपल्या घरी काय चाललेले असते ते सर्वांना माहीत आहे. उद्या सुट्टी म्हणून बायका निवांत असतात, पोरे गल्लीत असतात, आणि टीव्हीवर राष्ट्रपती दिसले की कोणीतरी चॅनेल बदलतो. आमच्या चाळीत एकच टीव्ही होता तेव्हा चॅनेल बदलायची सोय नव्हती, तर लोक उठून बाहेर जायचे.

वाचकहो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. संसदेच्या वर्षातल्या पहिल्या अधिवेशनाला राष्ट्रपती जे अभिभाषण करतात, ते संविधानाच्या ८७ व्या कलमाप्रमाणे असते आणि ते लिहिते मंत्रिमंडळ. त्यात राष्ट्रपती "माझे सरकार" म्हणून सरकारची कामे वाचून दाखवतात. सणाच्या आदल्या संध्याकाळचे भाषण मात्र कुठल्या कलमात नाही, ती प्रथा आहे. तिथे राष्ट्रपतीला स्वतःचे चार शब्द बोलायला जागा असते. बहुतेकांनी ती जागा शुभेच्छा देण्यासाठी वापरली. तिचा उपयोग देशाचा हिशेब मांडण्यासाठी कोणी केला असेल, तर तो आपल्या देशाचे दहावे राष्ट्रपती कोचेरिल रामन नारायणन यांनी. ते १९९७ ते २००२ या काळात राष्ट्रपती होते.

त्यांचा जन्म १९२० चा, केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या उळवूर गावचा, परवन या अस्पृश्य समजल्या गेलेल्या जातीतला. वडील झाडपाल्याची औषधे देणारे वैद्य. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि पैसा नाही. शाळेसाठी रोज पंधरा-एक किलोमीटर पायपीट व्हायची. फी थकली की वर्गाबाहेर उभे राहावे लागे, आणि हा मुलगा बाहेर उभा राहून आतला धडा ऐकायचा. पुस्तके विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून दम्याने घरात अडकलेला भाऊ दुसऱ्यांची पुस्तके मागून आणून हाताने उतरवून द्यायचा. त्या उतरवलेल्या वह्यांवर शिकून नारायणन त्रावणकोर विद्यापीठात इंग्रजी साहित्यात पहिले आले. पुढे काही काळ पत्रकारी केली. १९४५ मध्ये इथे मुंबईत त्यांनी गांधीजींची मुलाखत घेतली होती, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. त्यानंतर टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रा. लास्की यांच्या हाताखाली शिकले. त्याच संस्थेत आपल्या बाबासाहेबांनी पंचवीस वर्षे आधी अभ्यास केला होता. पुढे परराष्ट्र खाते, चीन आणि अमेरिकेतली राजदूतपदे, ओट्टपालममधून तीनदा खासदार, १९९२ मध्ये उपराष्ट्रपती. हा सगळा भाग कुठेही वाचायला मिळतो, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही.

१९९७ चा जुलै महिना मात्र आपल्याला विसरता येत नाही. ११ जुलैच्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. आपल्या वस्तीतून लोक तिकडे धावले होते. आणि त्याच महिन्यात, २५ जुलैला, एका दलित घरातला माणूस राष्ट्रपतिपदाची शपथ घेत होता. शिवसेना सोडली तर जवळजवळ सर्व मोठ्या पक्षांनी त्यांना मते दिली होती, समोर टी. एन. शेषन उभे होते, आणि सुमारे ९५ टक्के मते नारायणन यांना पडली. आमच्या खात्यात दोन तट होते. काही म्हणायचे, आपला माणूस वर गेला. काही म्हणायचे, वर एकाला बसवतात आणि खाली दहांना मारतात, यात आपण काय आनंद मानायचा? मी दुसऱ्या तटात होतो, हे कबूल करतो.

शपथेनंतरच्या भाषणात ते म्हणाले होते की, या देशाच्या धुळीत आणि उन्हात वाढलेल्या माणसाला हे पद मिळाले याचा अर्थ सामान्य माणसाचे प्रश्न मध्यभागी आले असा आहे, आणि आनंद त्याचा आहे, स्वतःच्या मानाचा नाही. त्या वेळी मला ते भाषणातले भाषण वाटले. तीनच आठवड्यांनी स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव होता. सगळीकडे रोषणाई होती. अशा दिवशी राष्ट्रपतींनी काय सांगितले? देश एक राहिला आणि लोकशाही टिकली ही समाधानाची गोष्ट आहे, पण राजकारणात तत्त्वाची जागा संधिसाधूपणाने घेतली आहे, आणि भ्रष्टाचार, जातीयवाद, धर्मांधता व गुन्हेगारी यांच्याविरुद्ध लोकांनीच पुढे झाले पाहिजे. लग्नघरी पाहुण्याने उठून घरातल्या कर्जाची गोष्ट काढावी, तसे काहींना ते वाटले.

पुढच्या वर्षी त्यांनी दोन प्रथा मोडल्या. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत ते स्वतः रांगेत उभे राहून मत देऊन आले. पदावर असताना सार्वत्रिक निवडणुकीत मत देणारे ते पहिले राष्ट्रपती. आणि त्या १४ ऑगस्टला नेहमीचे भाषण न करता त्यांनी पत्रकार एन. राम यांना मुलाखत दिली, तीच दूरदर्शनवर दाखवली गेली. देशाचा पहिला नागरिक सणाच्या संध्याकाळी प्रश्नांना उत्तरे देतो आहे, हे नवे होते. त्यात त्यांनी स्वतःला काम करणारा राष्ट्रपती म्हटले. संविधानाच्या चौकटीबाहेर जायचे नाही, पण चौकटीच्या आत हात बांधूनही बसायचे नाही, असा त्याचा अर्थ.

रबरी शिक्क्याच्या त्या विनोदाला इथे उत्तर आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ७४ व्या कलमात अशी सोय झाली की, मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात विधानसभेत मारामारी झाली, आणि तरी कल्याणसिंग यांनी बहुमत दाखवले होते. गुजराल सरकारने तिथे राष्ट्रपती राजवट लावायचा ठराव पाठवला. नारायणन यांनी तो परत केला आणि सरकारने मुकाट्याने मागे घेतला. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारबद्दल तसाच ठराव पाठवला, तोही परत गेला. म्हणजे एकदा एका बाजूचे सरकार, दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूचे. १९९९ च्या फेब्रुवारीत, बिहारमध्ये दलितांची हत्याकांडे झाल्यावर, बिहारचा ठराव पुन्हा आला तेव्हा मात्र त्यांनी सही केली, कारण दुसऱ्यांदा आलेला सल्ला मानावाच लागतो. ती राजवट महिनाभरही टिकली नाही. राज्यसभेत बहुमत मिळणार नाही हे दिसल्यावर सरकारलाच ती उठवावी लागली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. २५ जानेवारी २०००. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताकाला पन्नास वर्षे होणार होती. माझी गिरणी तेव्हा धड चालू नव्हती आणि धड बंद नव्हती. कामावर जायचे, हजेरी लावायची, मशीन पुसायचे आणि परत यायचे. भाषण टीव्हीवर झाले तेव्हा मी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून नाक्यावर सबंध पेपर वाचला, तेव्हा डोळे उघडले. मग वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपर मागून घेतला, शब्दकोश उघडून बसलो आणि ओळ न् ओळ लावली. दोन संध्याकाळी गेल्या.

त्यात ते म्हणत होते की, जगातले मोठ्यात मोठे तंत्रज्ञांचे बळ आपल्याकडे आहे आणि निरक्षरांची सर्वात मोठी संख्याही आपल्याकडेच आहे. मध्यमवर्ग मोठा आहे, आणि दारिद्र्यरेषेखालची माणसेही सर्वात जास्त इथेच. मोठमोठे कारखाने घाणीतून वर येतात, उपग्रह गरिबांच्या झोपड्यांमधून आकाशात जातात. एक अर्धा समाज बाटलीतली पेये ढोसतो आणि दुसऱ्या अर्ध्याला ओंजळभर गढूळ पाणी प्यावे लागते. या सगळ्याची झळ सर्वात जास्त दलित आणि आदिवासींना लागते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

आणि मग तो रस्त्याचा दाखला. उदारीकरण, खाजगीकरण, जागतिकीकरण हा तीन पदरी वेगवान रस्ता आहे, पण ज्यांच्या हातात काही नाही त्यांना तो सुखरूप ओलांडता यावा म्हणून पायी चालणाऱ्यांसाठी वाट ठेवली पाहिजे. बंधूंनो, ज्याने पंधरा किलोमीटर चालत शाळा केली त्यालाच हे सुचणार! मुंबईत त्याच काळात एकापाठोपाठ एक उड्डाणपूल उठत होते. आमच्या गिरणगावात चिमण्या पाडून टॉवर उभे राहायला लागले होते. परळच्या नाक्यावर म्हातारा गिरणी कामगार पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असायचा, गाड्या थांबायच्या नाहीत. राष्ट्रपतींना परळचा नाका माहीत असण्याचे कारण नाही, पण मी ते वाक्य लावले तेव्हा मला तोच म्हातारा दिसला. लक्षात घ्या, रस्ताच नको असे ते म्हणाले नाहीत. प्रगतीला त्यांचा विरोध नव्हता. ती कोणाच्या अंगावरून जाते, एवढेच त्यांनी विचारले.

भाषणाच्या त्याच भागात एक इशारा होता. सोशिक माणसाच्या रागापासून सावध राहावे अशी इंग्रजीत म्हण आहे. ती पुढे नेऊन ते म्हणाले की, फार काळ सोसत आलेल्या सोशिक जनतेच्या संतापापासून सावध राहा. हे वाचताना परमपूज्य बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण आठवल्याशिवाय राहत नाही. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पिडलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील, असे ते म्हणाले होते. पन्नास वर्षांनी राष्ट्रपतिभवनातून तोच इशारा पुन्हा आला. बाबासाहेबांनी तो वास्तू उभी राहताना दिला होता, नारायणन यांनी तिच्यात पन्नास वर्षे राहून दिला.

टीका झालीच. आनंदाच्या दिवशी एवढे काळे चित्र कशाला, आर्थिक धोरण हा सरकारचा प्रांत, राष्ट्रपतींनी त्यात पडू नये, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. उद्या एखादा राष्ट्रपती याच जागेवरून भलतेच काही बोलू लागला तर? पण नारायणन काय बोलले ते पाहा. दर्जाची आणि संधीची समानता हे शब्द उद्देशिकेतले आहेत. संविधानाची शपथ घेतलेल्या माणसाने संविधानाच्या मापाने कारभार मोजला, तर तो मर्यादा सोडून बोलला असे मी म्हणणार नाही.

दोनच दिवसांनी, २७ जानेवारीला, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सुवर्णमहोत्सवी समारंभ होता. संविधानाचा फेरविचार करायचा असे सरकारचे चालले होते आणि पंतप्रधान वाजपेयी तिथे हजर होते. राष्ट्रपतींनी विचारले की, संविधान आपल्याला कमी पडले, की आपण संविधानाला कमी पडलो? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला हेच सांगून ठेवले होते. पुढे काही बिघडले तर दोष संविधानाचा नसेल, माणसाचा असेल. फेब्रुवारीत न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला तेव्हा त्याच्या नावात संविधानाचा नव्हे, तर संविधानाच्या कामकाजाचा आढावा असे शब्द होते. माझ्या मते त्या एका शब्दात पुष्कळ काही वाचले.

२५ जानेवारी २००१ चे भाषण आदिवासींबद्दल होते. जंगलातल्या खाणींनी त्यांचे जगणे धोक्यात आले आहे, आणि हिरवी धरती व निरपराध आदिवासी यांचा नाश करून भारताचे प्रजासत्ताक बांधले गेले असे पुढच्या पिढ्यांना म्हणू देऊ नका, असे ते म्हणाले. दुसऱ्याच सकाळी कच्छचा भूकंप झाला. पेपरांची पाने त्या बातम्यांनी भरली आणि हे भाषण मागे पडले. मी स्वतः ते फार उशिरा वाचले.

भाषणांनी काय झाले, असे कोणी विचारेल. माझी गिरणी चालू झाली नाही. खाणी थांबल्या नाहीत. ते खरेच आहे.

जुलै २००२ मध्ये ते पायउतार झाले. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत जागतिक सामाजिक मंच भरला होता, त्याच्या समारोपाला २१ तारखेला ते आले. आम्ही गिरणी कामगार बॅनर घेऊन गेलो होतो. लांबून दिसले, बारीक अंगाचा, थकलेला म्हातारा माणूस. आवाज हळू होता, निम्मे शब्द गर्दीत विरले. ९ नोव्हेंबर २००५ ला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्या मुलीला मी हे सगळे अजून सांगितलेले नाही, ती आता इथे वाचेल. येत्या २५ जानेवारीला संध्याकाळी सात वाजता विहारातला टीव्ही चालू असेल. राष्ट्रपती काय बोलतात ते मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे आहे. चहा मंडळाकडून.

जयभीम.