तांबेऱ्याचा माग

दुष्काळाचा इतिहास आपण पावसाच्या आकड्यांवरून लिहितो. पाऊस झाला, पीक डोलले, तरी कणगी रिकामी राहिली, अशी वर्षे त्यातून निसटतात. ती शोधताना मी तांबेऱ्यापाशी पोचलो.

ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या कर्नल स्लीमनने 1844 च्या आपल्या पुस्तकात नर्मदेच्या खोऱ्यातील गव्हाची अशीच नासाडी वर्णिली आहे. मैलोन् मैल पसरलेले पीक कापण्याच्याही लायकीचे उरले नव्हते. लोक कारणे सांगत होते ती गोहत्येची, ढासळलेल्या नीतीची. पीक तर गेलेच, वर पापाचा ठपकाही माणसांवरच आला.

खरा गुन्हेगार डोळ्यांना न दिसणारा होता. तांबेऱ्याचा बीजाणू दवाने ओल्या पानावर रुजतो, पर्णरंध्रातून आत शिरतो आणि झाडाचे अन्न शोषतो. आठ-दहा दिवसांत पानाची वा खोडाची साल फाडून गेरूसारखी भुकटी बाहेर पडते. ‘गेरवा’ हे नाव त्यावरूनच. दाणा भरत नाही, चिपाड होतो.

हा बुरशीजन्य रोग गहू आणि बार्बेरीचे झुडूप अशा दोन घरी नांदतो, हे जर्मनीत अँटन डी बॅरी यांनी 1865 च्या सुमारास सिद्ध केले. पण आपल्या मैदानांत बार्बेरी नाही आणि उन्हाळ्याच्या काहिलीत बीजाणू तगत नाहीत. मग दरवर्षी तांबेरा येतो कोठून?

आग्रा कॉलेजातील करमचंद मेहता यांनी 1923 पासून या एका प्रश्नाला आयुष्य वाहिले. निरनिराळ्या ठिकाणी हवेतले बीजाणू काचपट्ट्यांवर टिपून त्यांनी दाखवले, की हिमालयाच्या आणि दक्षिणेतील निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत, आडहंगामी व आपोआप उगवलेल्या गव्हावर रोग उन्हाळा काढतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन मैदानात उतरतो. बार्बेरीची येथे गरजच नाही. पुढे 1970 च्या दशकात नागराजन आणि सिंग यांनी निलगिरीतून मध्य भारताकडे होणारा काळ्या तांबेऱ्याचा हा प्रवास चक्रीवादळांशी जोडून दाखवला.

या कथेत आपलाही एक धागा आहे. तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांनी ठरवलेल्या 12 गव्हांच्या संचात एक नाव होते ‘खपली’. कमी उताऱ्याचा म्हणून आपण मागे सारलेला, खिरीपुरता उरलेला तोच गहू, तांबेऱ्याच्या अनेक वंशांपुढे टिकणारा.

1998 साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा नवा वंश सापडला आणि जगभर रूढ झालेले प्रतिकारक वाण त्याला बळी पडू लागले. वाऱ्याला सरहद्द नसते. म्हणून दुष्काळाच्या दप्तरात पर्जन्यमानाशेजारी वाऱ्याचा आणि पेरलेल्या वाणाचाही रकाना हवा. तो नसला की पिकाच्या नासाडीचा दोष फिरून कसणाऱ्याच्याच माथी येतो.