काटा, आखाडा आणि पंगत

मेहकराहून जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, सिंदखेडराजा काही कोसांवर उरले असता, दुसरबीड लागते. लखुजी जाधवरावांच्या सिंदखेडाच्या सान्निध्यातील या मुलखाने निजामाचा अंमल पाहिला, १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यावर त्यांची कचेरी पाहिली, १९०३ पासून नागपूरच्या मध्यप्रांत सरकारचे हुकूम शिरसावंद्य मानले आणि १९५६ नंतर मुंबईचे. ज्या प्रदेशाची राजधानी इतक्या वेळा पालटली, त्याच्या शाळांत मुलांच्या प्रकृतीविषयीचे विचारही निरनिराळ्या दिशांनी आणि निरनिराळ्या काळी यावेत, यात आश्चर्य नाही. तपासणीचा विचार बडोद्यात प्रथम अमलात आला, व्यायामाचा अमरावतीस बहरला आणि भोजनाचा मद्रासेकडून आला. तिघांची दफ्तरे वेगळी राहिली, आणि ज्या एका बालदेहासाठी हा सारा खटाटोप, त्याचा समग्र हिशेब कोणत्याच दफ्तरात लागला नाही. आज शाळकरी मुलांचे वजन आटोक्यात कसे राखावे, ही चिंता खेड्यापर्यंत येऊन ठेपली असता, या तीन धाग्यांचा इतिहास पुन्हा चाळणे मला अगत्याचे वाटते.

आधी तपासणीचा धागा घेऊ. बोअर युद्धाच्या वेळी भरतीस आलेल्या तरुणांपैकी पुष्कळजण दुर्बळ निघाल्यामुळे इंग्लंडचे सरकार हादरले, आणि तेथे १९०६ साली शाळेत अन्न देण्याचा व १९०७ साली मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातून बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी तर १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. त्यांच्याच बडोदे शहरात १९०९ साली हिंदुस्थानातील शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली. मूल शाळेत आणण्याची सक्ती ज्या राज्याने केली, त्यानेच त्याच्या प्रकृतीची विचारपूस आरंभिली, हा क्रम स्वाभाविक होता. दुर्दैवाने तो बाकीच्या देशाने उचलला नाही. १९४६ साली देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीला शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही असे नमूद करावे लागले, आणि स्वराज्यातही १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमून हाच विषय पुन्हा मुळापासून हाती घ्यावा लागला.

व्यायामाचा धागा याहून जोमदार निघाला, कारण त्यामागे सरकारची तजवीज नसून राष्ट्राची आकांक्षा होती. अमरावतीस १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती यांचे शिक्षण घेऊन तयार झालेले शिक्षक तेथून गावोगावच्या शाळांत गेले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. इकडे सातारा भागात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. शरीर कमावावे, ते राष्ट्राच्या उपयोगी पडावे, ही त्या पिढीची धारणा होती. आणि पोटात पुरेसे अन्न नसलेल्या मुलाने जोर-बैठका किती काढाव्यात, हा प्रश्न तिच्या उत्साहात मागे पडला, असे तिच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते.

तो प्रश्न मद्रासेने ओळखला होता. तेथील महापालिकेने १९२० च्या सुमारास काही शाळांत फराळ देण्यास आरंभ केला. १९५६ साली मुख्यमंत्री कामराजांनी त्याचा विस्तार केला आणि १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत त्यास सार्वत्रिक रूप आले. महाराष्ट्रात मात्र अन्न आठवले ते बहुधा अवर्षणात. १९७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी मागल्या पिढीच्या जिभेवर अद्याप आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे ८० टक्के हजेरी भरणाऱ्या मुलास दरमहा तीन किलो तांदूळ घरी मिळू लागला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: शाळेत काटा आला तो तांदूळ तोलण्यासाठी, आणि पुस्तकात नोंद झाली ती हजेरीची, मुलाचे वजन वाढले की घटले, हे विचारण्याचे कलम त्या योजनेत नव्हते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धान्याऐवजी शिजवलेले अन्न द्यावे असा हुकूम केला, आणि त्यानंतर शाळेच्या ओसरीवर खिचडीची पंगत बसू लागली. पुढे प्राथमिक वर्गांस ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गांस ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरले. निरनिराळ्या जातींची मुले एका रांगेत बसून एकाच हंड्यातील अन्न जेवू लागली, हा या पंगतीचा उपकार वजनाच्या हिशेबापलीकडचा आहे.

सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. आणि २००५ साली राज्याने बालकुपोषणाच्या निवारणार्थ जे मिशन उभारले, त्यास राजमाता जिजाऊंचेच नाव दिले. त्या नावाला साजेसे काम झालेही: राज्यातील दोन वर्षांखालील बालकांत खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आले. तथापि पाच वर्षांखालील मुलांचे पुढील आकडे मन विषण्ण करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ३६.१ टक्के बालके वजनाने कमी आढळली, म्हणजे मागील पाहणीहून सुधारणा नाही. आणि त्याच अवधीत अतिवजनाचे प्रमाण १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले. एक टोक सुटले नाही तोच दुसरे वाढू लागले आहे.

याची कारणे दुसरबीडसारख्या गावात उघड दिसतात. याच गावी जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे बंद पडला. परंतु साखर, मीठ व तेल यांनी भरलेली रंगीत पुडकी मात्र किराणा दुकानांच्या दारांत माळेसारखी लोंबू लागली. ज्या जमिनीत ज्वारी होई, तीत सोयाबीन आले, आणि भाकरी ही घरच्या धान्याची न राहता विकतची झाली. सरकारने याची दखल घेतली नाही असे नव्हे: ८ मे २०१७ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रातील शाळांच्या उपाहारगृहांत असल्या पदार्थांची विक्री वर्ज्य ठरली, आणि २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही ती निषिद्ध केली. परंतु खेड्यातील शाळेला उपाहारगृह नसतेच, आणि दुकान ५१ व्या मीटरवर असले तरी पाच रुपयांचे नाणे तेथवर पोचतेच.

राहता राहिली तपासणी. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, आणि त्यायोगे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत येऊन मुलांची उंची व वजन घेऊ लागले. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक निघतो, तो प्रौढांत एका ठराविक मोजपट्टीने वाचता येतो. मुलांत मात्र तो वय व लिंग पाहूनच वाचावा लागतो. १८.५ हा अंक प्रौढाच्या बाबतीत कृशतेची सीमा मानतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दहा वर्षांच्या मुलग्याच्या बाबतीत तोच अंक अतिवजनाची सीमा ठरतो. तेव्हा ज्यास तक्ता वाचता येत नाही, त्याच्या हाती काटा देणे धोक्याचे आहे.

याहून मोठा धोका मुलाच्या मनाला असतो. सिंगापूरने १९९२ साली स्थूल विद्यार्थ्यांसाठी शाळांतून वेगळ्या कवायतीचा कार्यक्रम सुरू केला. आकडा खाली आला खरा. स्थूल विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते ते २००६ पर्यंत साडेनऊ टक्क्यांवर उतरले. परंतु मधल्या सुट्टीत सवंगड्यांतून वेगळे काढलेल्या मुलांच्या वाट्याला जी चेष्टा आली, तिच्यामुळे २००७ साली तो बंद करून सर्व मुलांसाठी एकच आरोग्यक्रम आखावा लागला. ज्या शाळेत कृश आणि स्थूल अशी दोन्ही मुले एका बाकावर बसतात, तेथे ही शिकवण दुप्पट लागू आहे, कारण तेथे जास्त जेवणाऱ्याला हिणवणे म्हणजे उपाशी राहणाऱ्यालाही ताटासमोर संकोचविणे होय.

म्हणून आपल्या शाळांना परदेशाहून नवी योजना आणण्याची निकड मला भासत नाही. बडोदे, अमरावती आणि मद्रास यांनी दिलेले तीन वारसे आपल्यापाशी आहेतच. उणीव आहे ती त्यांना एका हाती सोपविण्याची. पथकाने नोंदविलेले वजन वर्गशिक्षकाच्या पुस्तकात दरवर्षी उतरावे, ते वर्गात मोठ्याने वाचले जाऊ नये, आणि पालकांना एकांतात समजावून सांगितले जावे. खिचडीत डाळ आणि परसबागेतील पालेभाजी किती पडते, हे स्वयंपाकी बाईंनी त्या नोंदीशी ताडून पाहावे. खेळाचा तास गणिताच्या शिक्षकाने मागून घेऊ नये. यास नवा पैसा फारसा लागत नाही. लागतो तो एक जबाबदार माणूस, ज्याला विचारले असता अमुक मुलाची प्रकृती गेल्या वर्षी कशी होती आणि यंदा कशी आहे, हे सांगता येईल. शंभर वर्षांत आपण मुलाची हजेरी घेतली, त्याला कवायत शिकविली आणि त्याला जेवू घातले. आता त्याच्या प्रकृतीचे उत्तरदायित्व कोणाचे, हे प्रत्येक शाळेने नावानिशी ठरविले पाहिजे, आणि जिजाऊंच्या तालुक्याने त्यात पहिले पाऊल टाकावे, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.