माजाचा काळ आणि शिकारीचा काळ : डहाणू-तलासरीच्या रानातील हरणे

पशूंच्या समागमोत्सुक अवस्थेस मराठीत 'माज' म्हणतात. ह्या शब्दाचे नाते संस्कृतातील 'माद्यति' ह्या रूपाशी आहे. म्हणजे त्याच्या मुळाशी उन्मादाची कल्पना आहे. इंग्रजीतील 'रट' हा शब्द मात्र फ्रेंचमार्गे लॅटिनमधील गर्जनावाचक शब्दापासून आला. युरोपातील तांबडे हरिण शरद ऋतूत गर्जू लागते आणि त्या आवाजावरून शिकारी त्याचा माग काढतो. तेथे माजाचा काळ आणि शिकारीचा काळ हे जवळजवळ एकच. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील रानांत, म्हणजे आज २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या डहाणू व तलासरी ह्या भागात, हे दोन काळ एक कधीच नव्हते. शिकारीचा इतिहास लिहिताना ह्या भेदाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

भेदाचे एक कारण अक्षांशाचे आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत अकरा तासांहून अधिक अंतर पडते. डहाणू येथे ते सुमारे अडीच तासांचे आहे. दिवस लहान होऊ लागला की तांबड्या हरणाला माज येतो, पण आपल्याकडे ही खूण फिकी पडते आणि चारा, पाणी व पाऊस ह्यांचे वजन वाढते. त्यातही प्रत्येक जातीचा प्रकार निराळा. जॉर्ज शॅलर ह्यांनी १९६३ ते १९६५ ह्या काळात मध्य प्रदेशातील कान्हा येथे केलेली निरीक्षणे १९६७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांवरून चितळाचा माज मुख्यतः उन्हाळ्यात, तर सांबराचा थंडीच्या आरंभी भरास येतो असे दिसते. चितळांच्या कळपात मात्र पक्क्या शिंगांचा एखादा नर बहुधा कोणत्याही महिन्यात आढळतो. भेकराला तर ठराविक ऋतूच नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात सांबर, चितळ व भेकर ही तिन्ही नोंदलेली आहेत. सारांश, एकाच रानात तीन पंचांगे चालू होती.

शिकारीचे पंचांग चौथे होते, आणि ते हरणांनी ठरविलेले नव्हते. फाल्गुनापर्यंत सागाची पाने झडून रान उघडे पडते, ओढे आटतात, उरलेल्या पाणवठ्यांवर जनावर येणे भाग पडते. त्याच सुमारास मोहाची फुले गळू लागतात व ती खाण्यास हरणे रात्री झाडाखाली येतात. माचाण बांधावयाचे ते अशाच ठिकाणी. भाताची कापणी-मळणी उरकून पुढच्या पेरणीस अवकाश असल्यामुळे हाका घालण्यास माणसेही ह्याच दिवसांत मिळत. (हा अवकाश सर्वस्वी वारल्यांच्या मालकीचा होता असे मात्र नव्हे, वेठीच्या प्रश्नावर तलासरीजवळील झरी येथे १९४५ साली परिषद भरली, ती ह्याच पंचक्रोशीतील.) ह्याचा परिणाम असा की उन्हाळी शिकाऱ्यास चितळ ऐन माजात भेटे. मादीमागे फिरणारा, इतर नरांना आव्हान देत ओरडणारा असा तो नर दिवसाही उघड्यावर येई आणि त्याची सावधगिरी सुटे. उलट, सांबराचा माज सरलेला असे. चैत्राच्या पुढे तर शिंगेही झडू लागत. शिंगांसाठी आलेल्या साहेबास ते निरुपयोगी. मांसासाठी आलेल्या वारल्यास त्याने काही अडत नसे.

कायद्याने ह्या गुंत्यात भर घातली. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलातील शिकार नियमांच्या कक्षेत आणली; त्याच वर्षीच्या शस्त्र अधिनियमाने बंदूक परवान्याखाली गेली. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाने प्रांतिक सरकारांस निरनिराळ्या जातींसाठी बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार दिला. अशी बंदी वर्षाच्या काही महिन्यांपुरती घालावयाची तर त्या जातीला विणीचा निश्चित हंगाम असला पाहिजे. सांबराच्या बाबतीत हे बरेचसे जुळते, कारण थंडीतील माजानंतर सुमारे आठ महिन्यांनी, पावसाच्या तोंडी, पाडसे जन्मतात. चितळाच्या बाबतीत जुळत नाही, आणि भेकराच्या बाबतीत मुळीच नाही. विणीच्या हंगामाचे रक्षण हा हेतू योग्यच होता. ते रक्षण महिन्यांच्या मापाने करणे ही येथील रानास परकी पद्धत होती.

त्या अधिनियमात एक अपवाद होता : मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी मारलेल्या जनावरास तो लागू नव्हता. अपवाद लहान दिसतो, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच. सांबर माजाकडे वळू लागते त्या आश्विन-कार्तिकातच रानालगतचे भात पिकते. साहेबाची माचाणे तेव्हा बांधलेली नसत, राखणीचे माळे मात्र उभे असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हा मार्गही जवळजवळ बंद झाला, आणि माळ्यावर बसणाऱ्याच्या हाती हाकणे तेवढे उरले. 'हाका' हा शब्द त्याच क्रियापदाच्या घरचा. पारधीत जनावर बंदुकीकडे हाकावयाचे, राखणीत शेताबाहेर.