लॅव्हेंडरची गोष्ट आणि सत्तावीस वर्षांचं अंतर

माझ्या आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांचा हात प्रयोगशाळेत भाजला, तो चुकून शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडाला, जखम भरली आणि अरोमाथेरपी जन्माला आली. मॅडमनी समासात एवढंच लिहिलं, 'कुणी सांगितलं?' मला वाटलं, सगळीकडेच आहे की हे! तीन पुस्तकांत सापडलं होतं. नीट पाहिलं तर तिन्हींनी एकमेकांवरूनच उतरवलं होतं.

खुद्द गातफोसेंनी १९३७च्या पुस्तकात जे लिहिलंय, ते वेगळंच आहे. प्रयोगशाळेत स्फोट झाला, अंगावर पेटते पदार्थ उडाले, ते त्यांनी हिरवळीवर लोळून विझवले. नंतर दोन्ही हातांना गॅस गँगरीन झालं आणि ते लॅव्हेंडरच्या अर्कानं धुतल्यावर आटोक्यात आलं. म्हणजे चुकून काहीच झालं नाही. घरचा धंदाच सुगंधी द्रव्यांचा, अर्काचे गुण त्यांना ठाऊक असणारच. 'चुकून बुडाला' हे नंतरच्यांचं मीठमसाला लावणं.

पण खरी गंमत पुढे आहे. हा प्रसंग १९१० सालचा. म्हणजे आपल्या हातातला मूळ मजकूरही सत्तावीस वर्षांनंतरच्या आठवणीतला, तोही आपली पद्धत लोकांपुढे मांडताना लिहिलेला.

मग मी इतर पूरक उपचारांच्या जन्मकथा याच फूटपट्टीनं मोजल्या. कायरोप्रॅक्टिकचे डी. डी. पामर सांगतात की १८९५ मध्ये त्यांनी हार्वी लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं. ही हकिकत मी वाचली ती त्यांच्या १९१०च्या ग्रंथात. अंतर पंधरा वर्षांचं. लिलार्डच्या मुलीनं सांगितलेली हकिकत तर आणखी निराळी. होमिओपॅथीत मात्र अंतर जवळजवळ नाहीच. हानेमान यांनी कलन यांच्या औषधग्रंथाचं भाषांतर करताना सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली, तापासारखी लक्षणं जाणवली, आणि १७९०च्या त्याच भाषांतराच्या तळटीपेत ते नोंदवलं.

इथे मी घसरलो. तळटीप समकालीन, म्हणजे होमिओपॅथीचा पुरावा भक्कम, असं लिहून मोकळा झालो. मॅडमचा पेन परत समासात! समकालीन साधन एवढंच सांगतं की हानेमानना तसं वाटलं आणि त्यांनी ते लगेच लिहिलं. ताप सालीमुळेच आला का, एकाच माणसाच्या अनुभवावरून नियम बांधता येतो का, हे ठरवायला तळटीप पुरत नाही. साधन विश्वासार्ह असणं वेगळं आणि उपचार गुणकारी असणं वेगळं.

आता माझ्या तक्त्यात दोन तारखांचे रकाने आहेत: प्रसंग कधीचा आणि लिहिला कधी. गातफोसेंचं वाक्य अजून मसुद्यात आहे, फक्त त्याची सुरुवात 'गातफोसे सांगतात की' अशी होते.