पेट्रोल महागलं की महिन्याचं गणित नेमकं कुठे बिघडतं?

पंपावर लिटर मोजून पेट्रोल मागणारे कमीच. 'शंभरचं टाका' किंवा 'दोनशेचं टाका', असंच बहुतेक जण सांगतात. त्यामुळे दर वाढला तरी खिशातून जाणारी नोट तीच राहते, टाकीत पडणारं पेट्रोल मात्र कमी होतं. २०२० च्या सुरुवातीला मुंबईत पेट्रोल लिटरमागे ८० रुपयांच्या आसपास होतं. तेव्हा शंभर रुपयांत सव्वा लिटर यायचं आणि ४५ चं मायलेज देणारी बाईक ५६ किलोमीटर जायची. दर १०५ झाला की तीच बाईक तेवढ्याच पैशांत ४३ किलोमीटरवर थांबते.

आता कामासाठी रोज १५ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी जाणाऱ्या माणसाचा हिशोब पाहू. येऊन-जाऊन ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. १०५ च्या दराने साधारण १,७५० रुपये. लिटरमागे पाच रुपये वाढले तर महिन्याला ८०-८५ रुपये जास्त. ही रक्कम छोटी वाटते, पण घरात दोन गाड्या असतील आणि पगार बारा-पंधरा हजार असेल तर छोटी राहत नाही.

परभणीत मुंबईपेक्षा महाग का?

२०२१ मध्ये साध्या पेट्रोलने शंभरी गाठली ती परभणीत आधी, मुंबईत नंतर. परभणीला इंधन येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, सुमारे ३०० किलोमीटरवरून. टँकरचं भाडं दरात धरलं जातं आणि राज्याचा व्हॅट टक्क्यांत असल्याने त्या भाड्यावरही कर लागतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक, त्यावर राज्याचा व्हॅट आणि अधिभार, अशी ही रचना आहे.

कच्चं तेल स्वस्त झालं की पंपावरही स्वस्त व्हायला हवं, असं आपल्याला वाटतं. पेट्रोलचे दर २०१० पासून आणि डिझेलचे २०१४ पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त आहेत, हे कागदावर खरं आहे. पण मे २०२० मध्ये जगभर तेलाचे भाव कोसळले असताना केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. ग्राहकाला स्वस्ताई दिसलीच नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी झालं, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही व्हॅट घटवला.

ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचं काय?

त्यांच्यापर्यंत महागाई डिझेलमधून पोहोचते. भाजीचा टेम्पो, दुधाची गाडी, नांगरणीचा ट्रॅक्टर, सगळं डिझेलवर. नांगरणीचा एकरी दर डिझेल वाढलं की लगेच वाढतो. डिझेल दोन रुपयांनी उतरलं म्हणून तो उतरल्याचं क्वचितच ऐकू येतं. एसटीचंही तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडं १७.१७ टक्के वाढलं, जानेवारी २०२५ मध्ये आणखी १४.९५ टक्के. दुसऱ्या वाढीच्या वेळी तर डिझेलचे दर बरेच महिने जवळपास स्थिर होते. सुटे भाग, टायर आणि पगार यांचाही भार तिकिटात असतो.

दरवाढीनंतर प्रवासाची सवय कोण बदलू शकतं, हे तो माणूस कुठे राहतो यावर ठरतं. ठाण्याच्या माणसाला गाडी घरी ठेवून लोकलचा पास काढता येतो. लोकल विजेवर चालते, त्यामुळे डिझेलच्या दराचा पासवर थेट परिणाम होत नाही. खेड्यातल्या माणसाकडे पर्याय एसटीचा. तिचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. त्यामुळे अनेक घरांत सोपं गणित दिसतं: बाई एसटीने, पुरुष बाईकने.

पण पासचा उपयोग गाडी वेळेवर असेल तरच. दुकानातली पाळी रात्री नऊला सुटत असेल आणि गावाकडची शेवटची एसटी सातला गेलेली असेल, तर पेट्रोल ११० झालं तरी बाईकच काढावी लागते. मग काटछाट होते ती रविवारच्या फेरीत, पाहुण्यांकडे जाण्यात किंवा एकाच गाडीवर दोघांनी कामाला जाण्यात.