गोधडीकाम : अध्यापनपरंपरा

जीर्ण वस्त्रांचे थर धावदोऱ्याने एकजीव करण्याची ही लोककला खानदेशात, शिंदखेड्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांच्या मुलखात, घरोघर हस्तांतरित होत आली असून तिला लिखित पाठ्यक्रम नाही. आजीने जुने लुगडे अंथरून त्यावर धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे मांडावेत, कच्चे टाके घालावेत आणि नातीने शेजारी बसून पक्के टाके घालीत जावे, हाच येथील शिक्षणक्रम. टाके विरळ पडल्यास थर सरकतात, दोरा अधिक ओढल्यास कापडास सुरकुत्या पडतात. हे ज्ञान बोटांनाच होत असल्यामुळे या अध्यापनात शब्दांहून सहवासाचे मोल अधिक. तुकड्यांची रंगसंगती मात्र शिवणारीच्या मर्जीवर असते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते प्रयोगशीलतेचे खरे बीज तेथेच आहे.

घरातल्या या परंपरेपलीकडे, वस्त्रकलेत संस्थात्मक पातळीवर चित्रकार व विणकर यांना एकत्र आणण्याचे कार्य हातमाग व हस्तकला क्षेत्रातील कार्यकर्त्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विणकर सेवा केंद्रांनी केले. मुंबईचे केंद्र १९५६ मधील. चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांनी प्रथम वाराणसी व नंतर मुंबई येथील केंद्रात काम केले.